कोटवाल्यानं न पाडलेला माणूस

थंडी आली की ती आधी माझ्या कानांना कळते, अंगाला मागाहून. गोधड्या अजून माळ्यावर असतात, सुमन म्हणते कुठे आलीय थंडी, पंखा राहू दे चालू, आणि माझे दोन्ही कान आतून ठणकायला लागलेले असतात. ठणका मोठा नसतो. लांबून कोणी नाव घेऊन हाक मारावी तेवढाच. यंदाही तसंच झालं. आमच्या सिल्वासाकडच्या सामरवरणीच्या नाक्यावर दूध आणायला गेलो तर रस्त्याकडेला उंबाडियूवाल्यानं आपली मडकी उपडी घालून भोवती जाळ केला होता. आत पापडीच्या शेंगा, कंद, रताळी आणि वर हिरवा पाला. त्या पाल्याचा कडवट धूर कारखान्यांच्या धुरासारखा वर जात नाही, माणसाच्या नाकाच्या उंचीवरून चालतो. मी कानाला हात लावला आणि म्हटलं, "आली."

दूधवाला म्हणाला, "कोण आव्युं, काका?"

त्याला काय सांगणार? दूध घेतलं आणि घरी आलो.

माझे कान सरळ नाहीत. दोन्ही मोडलेले आहेत, कणकेचा गोळा दाबून चिकटवल्यासारखे. नवा माणूस आधी कानांकडे बघतो, मग पटकन दुसरीकडे बघतो. त्याला वाटतं लहानपणी भाजलं असेल. एका डॉक्टरनं विचारलं, अपघात का? मी म्हटलं, अपघात नाही, कमाई आहे. कुस्तीत कान समोरच्याच्या खांद्याखाली रगडला जातो, आत रक्त साकळतं आणि तसंच कडक होतं. एकदा मोडलेला कान जन्मात सरळ होत नाही. आमच्या तापीकाठच्या गावात पोराचा कान मोडला की आई रडायची आणि बाप गूळ वाटायचा.

तालीम गावाच्या नदीकडच्या टोकाला होती. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद. वस्ताद ती स्वतः खोऱ्यानं खालीवर करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे, वस्ताद म्हटलं की पुरे. बोलणं फार कमी. एखाद्यानं चांगला डाव मारला तर "हं" म्हणायचे, आणि त्या एका "हं"वर आम्ही आठवडा काढायचो. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं तालमीतच झोपायचो, त्या मातीला ऊब असते. कोणी उताणा झोपलेला दिसला की वस्ताद काठीचं टोक त्याच्या बरगडीला लावायचे. "कूस बदल. पाठीला मातीची सवय लावू नको."

कुस्तीत हरणं म्हणजे दुसरं काय असतं? पाठ मातीला लागली की संपलं. रक्त आलं, दात पडला, त्याला कोणी हार म्हणत नाही. मी आजही कुशीवरच झोपतो. हर्नियाच्या ऑपरेशनला मला टेबलावर उताणं झोपवलं तर भूल द्यायच्या आधी मी तीनदा उठून बसलो, असं सुमन येईल त्याला सांगते. सांगू दे. खरंच आहे ते.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढे शाळेचं आणि माझं जमलं नाही. त्यामुळे हे लिहितोय त्यात शोभेचं काही नसेल, पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून लिहितो. यात्रेच्या आखाड्यात माझ्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या असतील, पाठ कोणी टेकवली नाही. आणि कोटवाल्यानंही नाही.

कोटवाला कोण ते आता नव्या माणसाला सांगायला हवं. मी सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत लागलो होतो. यंत्रावरचे भरलेले कोन उतरवायचे, रिकामे चढवायचे. लग्न नुकतंच झालेलं. त्या थंडीत सगळ्या चाळीला टीव्हीवरच्या एका हेराचं वेड लागलं होतं. मालिकेचं नाव इंग्रजी होतं, ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आम्ही तिला कोटवालाच म्हणायचो. हा सरकारचा गुप्तहेर. उन्हात असो, पाण्यात असो, रेल्वेच्या टपावर असो, अंगातला लांब कोट काढायचा नाही. बुटाच्या टाचेत बिनतारी यंत्र, पेनात कॅमेरा, आणि चष्मा काढून पुसला की समजायचं, आता कोणाचं तरी भरलं. दर आठवड्याला देशाचं काहीतरी चोरीला जायचं आणि दर आठवड्याला हा ते परत आणायचा.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रंगीत टीव्ही होता. पाळी सुटलेले थांबायचे, पाळीवर जाणारे लवकर यायचे. खानदेशचे, कोकणचे, बिहारचे, सुरतेकडचे. एकमेकांची भाषा अर्धीच कळायची, पण कोटवाल्यानं चष्मा काढला की सगळे एकदम "हां!" म्हणायचे. आता ती मालिका बघितली की पुठ्ठ्याची दारं दिसतात, हलणाऱ्या भिंती दिसतात. तेव्हा दिसत नव्हत्या. तेव्हा वाटायचं, हा एक माणूस तिकडे जागा आहे म्हणून आपण इकडे निवांत कोन उतरवतोय.

आणि एका सकाळी हा कोटवाला आमच्याच मुलखात उतरला.

कंपनीच्या गेटसमोर चहाच्या गाडीवर मी उभा होतो. मुंबईचा एक चष्मेवाला माणूस आला, गळ्यात शिट्टी, हातात कागद. माझ्याकडे बोट करून आपल्या जोडीदाराला म्हणाला, "अरे, इसके कान देखो! एकदम असली गुंडा!"

मी चहा खाली ठेवला. "गुंडा नही. पहिलवान."

"वही, वही," तो म्हणाला.

वही कसं? पण भांडण वाढवलं नाही, कारण पुढे तो म्हणाला की दुधनीला कोटवाल्याचं शूटिंग आहे आणि त्यांना धिप्पाड माणसं हवी आहेत. मी त्या दिवशीची रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा पोट दुखतं म्हणून सांगितलं, तेही हसत हसत.

दुधनीचं तेव्हाचं रूप आता कोणाला सांगून पटणार नाही. धरणाचं पाणी तिथे नवीनच आलेलं. बुडालेल्या झाडांचे शेंडे अजून पाण्याबाहेर उभे होते, त्यांच्यावर बगळे बसलेले. डोंगरांच्या पायाशी धुकं असं पडलेलं की होडी यायची ती आधी वल्ह्याच्या आवाजानं यायची, मग दिसायची. पिवळं गवत कमरेएवढं. वारली बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन थांबल्या होत्या आणि कोटवाल्याच्या कोटाकडे बघून पदराआड हसत होत्या. तो खरा माणूस बघितला तर अगदी किडकिडीत निघाला. थंडीनं काकडत होता. आमच्यासारखाच शेकोटीला हात धरून उभा. मला म्हणाला, "नमस्ते पहिलवानजी." मला तो आवडला. त्यानं कानांकडे बघितलं आणि नजर चुकवली नाही.

गोष्ट अशी होती. देशाच्या दुश्मनांचा अड्डा पाण्यापलीकडे आहे, ते धरण उडवणार आहेत, आणि सुरुंगाच्या खोलीची किल्ली पहारेकऱ्याच्या गळ्यात आहे. तो पहारेकरी मी. अंगात काळा सदरा, कपाळाला काळी पट्टी, हातात रंगवलेली लाकडी बंदूक, गळ्यात पितळी किल्ली. कोटवाला होडीतून उतरणार, गवतातून येणार, माझ्या मानेवर हाताची कड मारणार, मी पडणार, तो किल्ली घेणार.

पडायला माझी ना नव्हती. पहिल्यांदा त्यानं हात मारला आणि मी पडलो. पालथा.

"कट! किल्ली नीचे आ गयी," मोठे साहेब ओरडले. ते उतारावर खुर्ची टाकून बसले होते. "पीठ के बल गिरो, भाई. किल्ली दिखनी चाहिये."

दुसऱ्यांदाही मी पालथा पडलो. तिसऱ्यांदा गुडघ्यांवर बसून कुशीला झालो. साहेब खुर्चीतून उठले, माझ्यापर्यंत चालत आले.

"पीठ के बल क्यों नहीं गिरते? पीठ में फोडा है क्या?"

सगळे हसले. मी सदऱ्याची माती झटकली आणि म्हटलं, "साहेब, फोडा नही. पीठ है, इसलिये नही लगेगी."

त्यांना काही कळलं नाही. चष्मेवाल्यानं मला बाजूला घेतलं, समजावलं की हे खोटं असतं, खऱ्यात कोणी हरत नाही, उद्या विसरशील. मी म्हटलं, "आमच्या गावात टीव्ही आहे. वस्ताद बघतील." तो म्हणाला, "कोण वस्ताद?" आता याला काय सांगायचं? थंडी सरता सरता आमच्याकडे यात्रा होती. माघात हलगी वाजणार, आखाड्याच्या कडेला सगळा तापीकाठ बसणार, आणि तिथे मी कोणत्या पाठीनं उभा राहायचं? माती दुधनीची असली म्हणून काय झालं. माती ती माती.

मग कोटवाल्यानंच तोड काढली. म्हणाला, "इनको पालथा पडू दे, मैं पलट लूंगा." त्याला मराठी थोडी यायची. म्हणजे मी पालथा पडायचं, त्यानं मला उलटवायचं आणि किल्ली घ्यायची. साहेब खूश. बिचाऱ्याला माहीत नव्हतं की खाली असलेल्या पहिलवानाला उलटवणं हीच तर कुस्ती आहे. सगळा खेळ त्यासाठीच असतो.

मी म्हटलं, "पलटव. हिंमत असेल तर पलटव."

कॅमेरा चालू झाला. त्यानं हात मारला, मी पालथा पडलो, हातपाय पसरले, हनुवटी छातीशी घेतली आणि तालमीत वस्तादांनी शिकवलं तसा मातीला चिकटलो. कोटवाल्यानं एका हातानं खांदा उचलून बघितला. मग दोन हातांनी. मग कोट मागे सारून गुडघा लावला. मी आपला जमिनीचा वास घेत पडलेला. गवताचा, ओल्या मातीचा, आणि त्याच्या अंगावरच्या अत्तराचा. तो कण्हत होता. आणि मग त्याचा पाय निसटला आणि धाडकन तोच माझ्या अंगावरून पलीकडे चिखलात गेला. कोट, चष्मा, सगळ्यासकट. उताणा!

वारली बायकांनी पाट्या खाली ठेवल्या आणि पोट धरून हसल्या. होडीवाला हसला. साहेब हसले नाहीत. पण कोटवाला चिखलात पडल्या पडल्या आकाशाकडे बघून खो खो हसत सुटला. हात पुढे करून म्हणाला, "पहिलवानजी, आप जीते. उठाओ मुझे." मी त्याला उठवला. त्याच्या पाठीवरची माती मी माझ्या हातानं झटकली, कारण ती आपली पद्धत आहे.

साहेबांनी घड्याळ बघितलं, उन्हाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बस हो गया. जाओ, खाना खाओ." चष्मेवाल्यानं सदरा, पट्टी, किल्ली काढून घेतली. मी लांब एका खडकावर बसून मासळी-भात खाल्ला. पोटभर. मला वाटलं त्यांनी तो भागच बदलला. मी पाण्याकडे तोंड करून जेवत होतो. मागे गवतात काय चाललंय ते बघितलं नाही.

घरी आलो तो राजासारखा आलो. सुमनला सांगितलं, कॅन्टीनमध्ये सांगितलं. गावाकडे जाणाऱ्या पुतण्याकडे निरोप दिला, "वस्तादांना सांग, कोटवाला पाठ टेकवायला आला होता, टेकवू दिली नाही." त्या सगळ्या थंडीभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी नीरा प्यायला जायचो तर नीरावाला म्हणायचा, "आवो, पहेलवान, टीव्हीमां क्यारे आववाना?" मी म्हणायचो, "यात्रेच्या आधी."

आणि आलो की टीव्हीत. थंडी उतरणीला लागली होती, यात्रा दोन दिवसांवर होती. कॅन्टीन भरलेलं. चाळीतल्या बायकांनाही त्या दिवशी मुभा होती, सुमन पुढच्या बाकावर. धुकं दिसलं, होडी दिसली, आणि मग पडदाभर माझं तोंड! माझे कान! सगळे ओरडले. सुमननं तोंडावर हात ठेवला. कोटवाल्यानं चष्मा काढून पुसला, आम्ही "हां!" म्हणालो, तो गवतातून आला, त्यानं हात उगारला.

आणि पुढच्या क्षणाला मी उताणा पडलो होतो.

म्हणजे काळा सदरा उताणा पडला होता. हात पसरलेले, मान मागे टाकलेली, छातीवर किल्ली. कोटवाल्यानं ती दोन बोटांनी अलगद उचलली आणि निघून गेला. कॅन्टीनमध्ये असा हशा झाला की पुढचं धरण वाचलं की उडालं ते मला कळलं नाही. कोणीतरी म्हणालं, "एक ही झापड में, पहिलवान?" मी उभा राहिलो. म्हटलं, "तो मी नाही." आणखी हसले. "मग तो कोण? तुझा जुळा भाऊ?"

परत येताना सुमन म्हणाली, "पडलात तर पडलात. त्यात काय एवढं?"

"मी पडलो नाही."

"अहो, सगळ्यांनी बघितलं."

मी त्या दिवशी जेवलो नाही. माझ्या जागी माझे कपडे घालून दुसऱ्या कोणाला तरी पाडलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. पण कळून उपयोग काय? टीव्ही काय परत मागे नेता येतो? तेव्हा येत नव्हता. गेलं ते गेलं. लोकांच्या डोळ्यांत राहिलं ते राहिलं.

दुसऱ्याच दिवशी पुतण्याचा निरोप आला. वस्तादांनी पंचायतीच्या टीव्हीवर बघितलं. मी पडलो तेव्हा वस्ताद उठले, काठी घेतली आणि कोणाशी न बोलता निघून गेले. बस्स, एवढाच निरोप.

मी यात्रेला गेलो नाही.

त्या वर्षी नाही आणि पुढे कधीच नाही. गावी लग्नकार्याला गेलो, आईबापाच्या कार्याला गेलो, पण तालमीच्या गल्लीनं गेलो नाही. कोणी टीव्हीचं नाव काढलं की उठून जायचो. वस्ताद वारले तेव्हा दहाव्याला नदीवर लांब उभा राहिलो आणि तसाच गाडी पकडून परत आलो. काही लोक म्हणतील एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी असं करतं का. त्यांनी म्हणावं. ज्याच्या पाठीकडे लोक बोट दाखवतात त्यानं आखाड्याच्या कडेला बसू नये, असं मला वाटत होतं, आणि आजही मी ते मागे घेत नाही. माझं म्हणणं मी रोज तेच सांगत राहिलो, एक शब्द बदलला नाही. मुलगी झाली, तिला सांगितलं. तिनं शाळेत सांगितलं, मास्तर हसले. घरात भांडण झालं की सुमनचं शेवटचं हत्यार ठरलेलं. "मला नका सांगू. सगळ्या जगानं बघितलंय कोणाची पाठ लागली ते."

काळ कसा गेला बघा. धाग्याची यंत्रं दोनदा बदलली, माझ्या हातातलं काम सुटलं, मी घरी बसलो. भाताची खाचरं होती तिथे इमारती झाल्या, त्यांना फुलांची नावं दिली. आता नाक्यावर उभं राहिलं तर पोरं एका वाक्यात तीन भाषा बोलतात. थंडी मात्र तीच आहे. तीच सुरुवातीला कानात शिरते आणि मग मला दुधनीच्या गवताचा वास यायला लागतो.

यंदा कान ठणकल्याला आठवडा झाला असेल. माझी मुलगी कल्पना इथेच शाळेत शिक्षिका आहे. रविवारी सकाळी आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "आप्पा, कोटवाला सापडला! कोणीतरी जुने सगळे भाग मोबाइलवर टाकलेत. तुमचा दुधनीचा पण आहे."

मी भाजी निवडत होतो. "मला बघायचा नाही."

"का?"

"बघितलाय एकदा."

"आप्पा, आता थांबवता येतो तो. पाहिजे तिथे थांबवायचा, मोठा करून बघायचा."

सुमन आतून म्हणाली, "त्यांना नाही बघवणार. मला लाव." आणि पदराला हात पुसत येऊन बसली. मी शेंगांचे शिरे काढत राहिलो, पण कान तिकडेच. ते गाणं लागलं. होडीचं वल्हं वाजलं. कॅन्टीनमध्ये ऐकलेलं सगळं जसंच्या तसं. मग कोटवाल्याचा हात मारल्याचा आवाज आला, आणि कल्पनानं थांबवलं.

सुमन पुढे सरकली.

मग ती म्हणाली, "अगं, मोठं कर. कानाकडे कर." तिनं चष्मा वर केला, मोबाइल नाकाशी धरला. "हे कान ह्यांचे नाहीत."

"आई?"

"सरळ आहेत बघ. पुरीसारखे. ह्यांच्या कानांना मी दर थंडीत गरम तेल लावते, मला नको सांगू. हा दुसराच कोणी मेला आहे."

मी उठलो नाही. भाजीची परात मांडीवर होती. एवढंच म्हणालो, "हेच सांगत होतो."

"मग नीट सांगायचं होतं," सुमन म्हणाली. "कान बघ म्हणायचं होतं."

घ्या! म्हणजे चूक परत माझीच. पण तिनं त्या दिवशी दुपारी न सांगता कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं, आणि वाढताना पहिला घास माझ्या ताटात पडेपर्यंत स्वतः बसली नाही. तिची बोलायची ती पद्धत आहे. मला पुरली.

आता मला एकच काम होतं. वस्ताद राहिले नव्हते, पण त्यांच्या तालमीत माझ्याबरोबर मातीत लोळलेला गिरधर अजून आहे. आता तालीम तोच बघतो. कल्पनानं दोन्ही चित्रं शेजारी लावून त्याला पाठवली, एकात माझे कान, दुसऱ्यात त्या पडलेल्याचे. मी फोन लावला. माझा आवाज थोडा चढलेला होता.

"गिरधर, चित्र बघितलं का? आता सांग. बोलव सगळ्यांना आणि दाखव. माझी पाठ लागली नव्हती."

तिकडे गिरधर हसायला लागला. तो अहिराणीत बोलतो, मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो. म्हणाला, "अरे भो, एवढ्या वर्षांनी हे काय काढलंस? हे तर वस्तादांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"तो पडला ना टीव्हीत, तसे वस्ताद उठले. म्हणाले, हाऊ आपला नही शे. हा आपला नाही. पडताना मान मागे टाकतो, हात पसरतो. मी माझ्या पोराला असं पडायला शिकवलेलं नाही. आणि काठी घेऊन चालते झाले. म्हणे, लबाड कुस्ती मी बघत नाही."

मी खाली बसलो.

"मला कोणी बोललं नाही," मी म्हटलं.

"तुझा पुतण्या मागे दाराशी होता, त्याला ऐकू गेलं नसेल. आणि पुढे कोण बोलणार? टीव्हीचं नाव काढलं की तू उठून जायचास. त्या यात्रेला वस्तादांनी हलगी थांबवून तुझं नाव पुकारायला लावलं. दोनदा पुकारलं. तुझ्यासाठी फेटा आणून ठेवला होता, केशरी. तू ऊनाच नही."

तू आलाच नाहीस. गिरधरनं ते तक्रार म्हणून म्हटलं नाही, झालं ते सांगितलं.

"फेट्याचं काय झालं?"

"काय होणार? वर्षभर खुंटीला होता. मग माझ्या लग्नात मी बांधला."

"माझा फेटा?"

"तुझाच. चांगला दिसला मला." परत हसला. "यात्रेला ये. आता तरी ये. धुऊन ठेवतो."

फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला वाईट वाटायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. वाटलं थोडं, नाही असं नाही. पण खरं सांगू का? माझी छाती भरून आली ती दुसऱ्याच गोष्टीनं. सगळं जग कपडे बघत होतं, किल्ली बघत होतं, आणि तिकडे तापीकाठी एका म्हाताऱ्यानं पंचायतीच्या त्या मुंग्या आलेल्या टीव्हीत नुसतं पडणं बघितलं आणि आपलं पोर ओळखलं. माझं पोर असं पडत नाही. हे माझ्याबद्दल बोललं गेलं होतं, चारचौघांत, आणि ते मला ठाऊकच नव्हतं. वस्तादांनी मला जन्मात चारपाच वेळा "हं" म्हटलं असेल. हा सगळ्यात मोठा "हं" त्यांनी माझ्या माघारी म्हटला.

काल कल्पनानं आम्हाला दुधनीला नेलं. रस्ता आता गुळगुळीत आहे, छपराच्या शिकारा होड्या आहेत, मक्याची कणसं आहेत, फोटो काढणारी जोडपी आहेत. बुडालेली झाडं कुजून गेली, पाणी सपाट झालं. पण तो उतार मला सापडला. खडक सापडला, मी जेवलो होतो तो. गवत तसंच पिवळं. मी कल्पनाला दाखवलं, कोटवाला इथे उताणा पडला होता, इथे. तिनं त्या जागेचा फोटो काढला.

सुमननं चादर पसरली. गेल्या वर्षापासून माझी कंबर धरते, डॉक्टरनं सांगितलंय की अधूनमधून सपाट जागी पाठीवर पडत जा.

"पडा जरा," ती म्हणाली. "ऊन चांगलं आहे."

"पडतो."

"पाठीवर. डॉक्टर काय म्हणाले?"

"घरी. इथे नाही."

"कोण बघायला बसलंय इथे?"

मी चादरीवर आडवा झालो, कुशीवर, एक हात डोक्याखाली घेऊन. एक कान उबेत गेला, दुसरा उघड्यावर राहिला. पाण्यावरून वारा आला आणि तो वरचा कान ठणकला, बारीक, लांबून कोणी नाव पुकारावं तसा. माघ आता फार लांब नाही.

"आलो," मी म्हटलं.

सुमन म्हणाली, "कोणाला म्हणताय?"